बिझनेस स्पर्धांची फुकट तयारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही विद्यार्थी आहोत. बिझनेस स्पर्धांमध्ये स्वतः उतरलो, एखाद-दुसरा जिंकला, बाकीचे हरले. ज्यांच्याकडे क्लासची फी नाही, सीनियरची ओळख नाही, घरात या वाटेने आधी कुणी गेलेलं नाही, अशांबरोबर आम्ही सराव करतो. खालचे प्रश्न मेसेजमधून पुन्हा पुन्हा आले म्हणून इथे उतरवलेत. पहिले बारा तयारी करणाऱ्यांचे आहेत. तेराव्यापासून तेविसाव्यापर्यंतचे, असा ग्रुप चालवू पाहणाऱ्यांचे. शेवटचा पुन्हा तयारी करणाऱ्यांचा.

१. बिझनेस स्पर्धा म्हणजे नेमकं काय असतं? भाषण की परीक्षा?

दोन्ही असू शकतं. ठरलेले प्रकार पाच-सहा आहेत. एक, बहुपर्यायी लेखी परीक्षा. दुसरा रोल प्ले : परीक्षक ग्राहक किंवा मालक होऊन समोर बसतो, तुम्ही मॅनेजर. तिसरा केस, म्हणजे एखाद्या कंपनीची अडचण वाचून तोडगा मांडायचा. मग बिझनेस प्लॅन आणि पिच, म्हणजे आपली कल्पना थोडक्या वेळात बोलून पटवून देणं. शिवाय खोट्या पैशांनी शेअर बाजारात गुंतवणूक करून दाखवायच्या स्पर्धाही असतात.

नावं कानावर पडतात ती साधारण अशी : अमेरिकेत सुरू झालेल्या एफबीएलए (पहिला चॅप्टर, म्हणजे शाळेतली शाखा, १९४२) आणि डेका (१९४६) या शालेय विद्यार्थ्यांच्या जुन्या संघटना; कॉलेजवाल्यांसाठी हल्ट प्राइझ, ज्यात सामाजिक प्रश्न सोडवणाऱ्या उद्योगाला १० लाख डॉलर मिळतात; आणि व्हार्टन या अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलची शालेय मुलांसाठीची गुंतवणूक स्पर्धा, जी टीम करून खेळायची असते. डेकाच्या बऱ्याच इव्हेंटमध्ये १०० प्रश्नांची परीक्षा आणि रोल प्ले असं दोन्ही असतं, म्हणून खालची बरीच उदाहरणं तिथली आहेत. पद्धत इतरत्रही चालते.

२. मला बिझनेसचं ओ की ठो कळत नाही. यायचं का?

या. डेकामध्ये तर पहिल्याच वर्षी येणाऱ्यांसाठी 'प्रिन्सिपल्स' नावाचे वेगळे इव्हेंट आहेत, म्हणजे नवखेपणाची सोय नियमांतच आहे. आणि 'काही कळत नाही' म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी कुठल्या ना कुठल्या दुकानात मदत केलेली असते, हिशेब ठेवलेला असतो, उधारी मागायला गेलेले असतात. त्यांना फक्त त्या गोष्टींची पुस्तकातली नावं माहीत नसतात.

३. खरंच फुकट? यात तुमचा काय फायदा?

खरंच. नोंदणी फी नाही, 'ॲडव्हान्स बॅच' नाही, नंतर येणारं बिल नाही. आमचा फायदा आहेच. दुसऱ्याला समजावताना आपलं कच्चं कुठे आहे ते लगेच उघडं पडतं, आणि हो, बायोडेटात एक ओळ वाढते. ती ओळ हवी म्हणून आलेले काही जण दोन महिन्यांत गळतात. त्याबद्दल प्रश्न २२ मध्ये.

४. नेटवर सगळं फुकट पडलेलं आहे. मग ग्रुप कशाला हवा?

सुरुवातीला आम्हालाही हेच वाटायचं. म्हणून पहिल्या वर्षी आम्ही एक मोठं फोल्डर बनवलं. नोट्स, व्हिडिओंच्या लिंक, शब्दांच्या याद्या, सगळं नीट लावलेलं. लिंक भरपूर लोकांना पाठवली आणि आपण फार मोठं काम केलं अशा थाटात बसलो. स्पर्धेनंतर विचारलं तर बहुतेकांनी ते एकदा उघडून बंद केलं होतं. एकाने सांगितलं, "यातलं आधी काय वाचायचं तेच कळेना, आणि वाचलेलं बरोबर बोलतोय का, हे कुणाला विचारू?"

त्याच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग आम्हाला लागला. चांगल्या शाळेतल्या मुलाकडे पुस्तकं आमच्यापेक्षा फार वेगळी नसतात. त्याच्याकडे तीन वर्षं स्पर्धा केलेली ताई असते, जी वीस वेळा समोर बसून ऐकते आणि "थांब, इथे मार्क जातात" म्हणते. फाइल कितीही जणांना पाठवता येते. समोर बसून ऐकणारं माणूस मात्र प्रत्येकाला वेगळं द्यावं लागतं, आणि ग्रुपचा सगळा वेळ आता आम्ही त्यावरच घालवतो. फोल्डर अजून आहे, पण खूप लहान झालंय.

५. रोल प्लेमध्ये दहा मिनिटांत काय करायचं? मी तर गोष्ट वाचण्यातच सात मिनिटं घालवतो.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा, म्हणून उत्तर लांब आहे.

डेकाच्या वैयक्तिक प्रकारात तयारीला १० मिनिटं आणि परीक्षकासमोर १० मिनिटं मिळतात. दोघांच्या टीम प्रकारात ३० आणि १५. कागदावर एक प्रसंग असतो आणि त्याच्यासोबत 'परफॉर्मन्स इंडिकेटर्स'ची, म्हणजे बोलण्यात यायलाच हव्यात अशा मुद्द्यांची यादी : वैयक्तिक प्रकारात पाच, टीममध्ये सात. नवखे सगळे प्रसंगात बुडतात, कारण गोष्ट रंजक असते. मार्क मात्र मोठ्या प्रमाणात त्या यादीवर असतात. परीक्षकाच्या हातातल्या गुणपत्रिकेवर तेच मुद्दे एकाखाली एक छापलेले असतात. हे नियमांत उघड लिहिलेलं आहे, गुपित काहीच नाही. तरी ज्याला कुणी सांगत नाही त्याला ते पहिल्या स्पर्धेनंतरच कळतं.

आमच्याकडे आलेल्या एका मुलीचं पहिलं रोल प्ले आठवतं. प्रसंग हॉटेलचा : एकच खोली दोघांना दिली गेली आहे, पाहुणा चिडलाय, मालकाला उपाय सांगायचाय. ती इतकं छान बोलली की ऐकणारे आम्ही तिघं मान डोलवत राहिलो. मग गुणपत्रिका भरायला घेतली तर पाचातले दोन मुद्दे कोरे. 'तक्रार हाताळण्याच्या पायऱ्या सांगा' हा त्यातला एक. तिने तक्रार हाताळून दाखवली होती, पायऱ्या कुठेच सांगितल्या नव्हत्या. दुसऱ्या वेळी तिने फक्त एवढंच बदललं : "तक्रार हाताळताना मी चार पायऱ्या पाळते. आधी पूर्ण ऐकून घेणं..." उपाय तोच, बोलणं तेच, दोन्ही मुद्द्यांना पूर्ण मार्क.

तेव्हापासून आम्ही कागदाची घडी घालायला शिकवतो. कोरा कागद घ्या आणि जितके मुद्दे तितके कप्पे पाडा. गोष्ट वाचायच्या आधी प्रत्येक कप्प्यात एक मुद्दा उतरवा. मग गोष्ट वाचा, आणि प्रत्येक कप्प्यात दोनच गोष्टी लिहा : हे म्हणजे काय, आणि इथे मी काय करणार. वाक्यं लिहायची नाहीत, वाचून दाखवायचा मोह होतो. शेवटचं एक मिनिट पहिलं वाक्य ठरवायला ठेवा, कारण घसा तिथेच कोरडा पडतो.

परीक्षकाने शेवटी अडचणीचा प्रश्न विचारला की "क्षणभर विचार करून सांगतो" म्हणायला हरकत नाही. पाच सेकंदांची शांतता तुम्हाला पाच मिनिटांची वाटते, समोरच्याला वाटत नाही.

६. लेखी परीक्षेसाठी कुठलं पुस्तक वाचू?

विकत काही घेऊ नका. ओपनस्टॅक्सची (राइस विद्यापीठाचा उपक्रम) बिझनेसची ओळख, व्यवस्थापन, मार्केटिंग, उद्योजकता या विषयांवरची पूर्ण पुस्तकं नेटवर फुकट आहेत. पण पुस्तक पहिल्या पानापासून वाचत बसू नका. आधी एक सराव पेपर सोडवा, चुकलेल्या प्रश्नांचे विषय काढा, आणि तेवढीच प्रकरणं वाचा.

वाचलेलं पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःला प्रश्न विचारून आठवणं जास्त टिकतं. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग करून हे दाखवलं : पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून पाहणारे. आदल्या रात्री वाचून 'सगळं येतंय' असं का वाटतं, ते यावरून कळेल.

साधन म्हणाल तर कार्डं. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात सांगितलेली खोक्याची पद्धत अजून तितकीच चालते : पुढे शब्द, मागे अर्थ, आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं परत पहिल्यात, पहिला कप्पा रोज, शेवटचा क्वचित. अँकी हे ॲप हेच काम करतं, ते कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर मात्र विकत. जुन्या वह्यांचे कोरे कागद कापूनही भागतं.

७. मला गणिताची भीती वाटते. फायनान्स सोडून देऊ का?

या स्पर्धांमधलं बरंचसं गणित म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि टक्केवारी. भीती शब्दांची असते. 'ब्रेक-इव्हन' घ्या. महिन्याचा स्थिर खर्च (भाड्यासारखा, काही विकलं नाही तरी होणारा) १२,०००. एक वस्तू ५० ला विकता, ती बनवायला ३० लागतात. एका वस्तूमागे २० सुटतात. १२,००० भागिले २०, म्हणजे ६०० वस्तू विकल्यावर खर्च निघाला. झालं.

आता यातली गंमत. मालक म्हणतो, १० टक्के सूट देऊ. किंमत ४५ झाली, सुटतात १५, आता ८०० विकाव्या लागतील. म्हणजे दहा टक्के सूट द्यायची तर विक्री एक तृतीयांश वाढायला हवी. रोल प्लेमध्ये "सूट देऊन गर्दी वाढवू" असं म्हणणारे ढिगाने असतात. हे दोन आकडे कागदाच्या कोपऱ्यात मांडून दाखवणारा एखादाच असतो, आणि परीक्षक तिथे मान वर करून बघतो.

८. लॅपटॉप नाही. फोन घरात सगळ्यांचा मिळून एकच, डेटा कमी. जमेल?

जमेल. फोनवर आवाज साधारण २४ किलोबिट प्रतिसेकंद या वेगाने गेला तर तासाला सुमारे ११ एमबी लागतात. व्हिडिओ १ मेगाबिट धरला तर तासाला ४५० एमबी. फरक चाळीसपट. म्हणून आमचे रोल प्ले नुसत्या आवाजावर होतात, कॅमेरा कुणीच लावत नाही. 'ज्याला परवडतो त्याने लावावा' असंही नाही. तसं केलं की ज्याचा बंद तो वेगळा दिसतो.

ज्यांना ठरलेल्या वेळी फोन मिळत नाही ते व्हॉइस मेसेज पाठवतात : प्रसंग कागदावर उतरवून घ्या, दहा मिनिटं लावून तयारी करा, एका दमात बोलून पाठवा. दुसऱ्या दिवसापर्यंत उत्तर येतं. पुन्हा रेकॉर्ड करून सुंदर केलेलं पाठवू नका, अडखळलेलंच हवंय. नोट्स पीडीएफऐवजी साध्या मजकुरात मागा, आम्ही मेसेजमध्येच देतो.

९. माझं इंग्रजी कच्चं आहे. परीक्षक हसतील का?

गुणपत्रिकेवर उच्चारांचा रकाना पाहिल्याचं आम्हाला आठवत नाही. स्पष्ट बोलणं, मुद्देसूद मांडणं यांचे मार्क असतात, आणि ते छोट्या वाक्यांनी जास्त मिळतात. तयारी मराठीत करा. आधी मराठीत एखाद्याला पटवून द्या. तिथे तर्क अडखळला तर दोष इंग्रजीचा नव्हता. मग इंग्रजीतली जोडवाक्यं पाठ करा, दहा-बाराच : सुरुवात करण्याची, मुद्दा बदलण्याची, प्रश्न पुन्हा विचारायला सांगण्याची, शेवटाची. मधला मजकूर साध्या शब्दांत भरता येतो. प्रश्न नीट ऐकू आला नाही तर पुन्हा विचारा. अंदाजाने भलतंच उत्तर दिलं तर मार्क जातात.

१०. सूट-बूट घालावाच लागतो का?

नियम वाचा. काही ठिकाणी संघटनेचा ठरलेला ब्लेझर लागतो, काही ठिकाणी फक्त 'व्यवस्थित कपडे'. ब्लेझर लागत असेल तर शिक्षकांना विचारा, आधीच्या मुलांचे पडून असतात. आम्हीही कपड्यांची एक पेटी ठेवलीय, मापं लिहून. घेऊन जायचं, धुऊन परत करायचं, कोण नेतंय याची यादी फिरत नाही.

११. प्रवेश फी आणि प्रवासाचा खर्च कोण देणार?

आम्ही देऊ शकत नाही, आमच्याकडे पैसे नाहीत. पण तीन गोष्टी करता येतात. पहिली : बिनफीच्या आणि ऑनलाइन पहिली फेरी असलेल्या स्पर्धा आधी शोधा. दुसरी : आयोजकांना फीमाफी विचारा. माफीची सोय जाहिरातीत क्वचितच छापतात, विचारणाऱ्याला सांगतात. तिसरी : विचारायचं ते नोंदणीच्या शेवटच्या तारखेच्या बरंच आधी, कारण शेवटी उरतात फक्त 'सॉरी'.

मेसेजमध्ये रडगाणं नको. "मी अमुक इयत्तेत, अमुक प्रकारात भाग घ्यायचाय, फी भरणं शक्य नाही, माफी किंवा हप्त्यांची सोय आहे का, कुठली कागदपत्रं लागतील?" एवढं पुरे. लिहायला लाज वाटत असेल तर आमच्यापैकी कुणी तरी सोबत बसेल.

एक कटू गोष्ट आधीच सांगून ठेवतो : पात्रता फेरी जिंकून पुढच्या फेरीच्या प्रवासखर्चामुळे थांबलेली मुलं आम्ही पाहिली आहेत. तेव्हा नोंदणी करतानाच 'जिंकलो तर पुढे किती खर्च' हे विचारून घ्या.

१२. आमच्या शाळेत चॅप्टरच नाही. मी एकटा भाग घेऊ शकतो का?

डेका किंवा एफबीएलएमध्ये शाळेचा चॅप्टर आणि जबाबदार शिक्षक लागतात, त्यामुळे एकट्याला अवघड. एखाद्या शिक्षकांना तयार करायचं असेल तर 'क्लब काढूया' म्हणू नका, त्यांना आणखी एक काम दिसतं. चार मुलं तयारीला बसलेली दाखवा आणि सही मागा. तोवर टीमने थेट नोंदणी करता येणाऱ्या स्पर्धा बघा (प्रश्न ११).

१३. मी मागच्या वर्षी पहिल्याच फेरीत बाद झालो. मी कुणाला काय शिकवणार?

शिकवू नका, ऐका. गुणपत्रिका हातात घेऊन समोर बसणं आणि कोणता मुद्दा राहिला ते सांगणं, याला पदक लागत नाही. उलट सतत जिंकणाऱ्यांना आपण काय करतो ते सांगताच येत नाही, "आपोआप होतं" म्हणतात. बाद झालेल्याला कुठे घसरलो ते नेमकं माहीत असतं.

१४. पहिलं सेशन कसं घ्यावं?

आमच्यासारखं घेऊ नका. आम्ही दीड तास स्लाइड दाखवल्या : मार्केटिंगचे चार 'पी' (वस्तू, किंमत, विक्रीची जागा, जाहिरात; जेरोम मॅकार्थी, १९६०), धंद्यातली स्पर्धा तपासायच्या पोर्टर यांच्या पाच शक्ती (१९७९), स्वॉट (ताकद, कमजोरी, संधी, धोके), सगळं एका दमात. मुलं नम्रपणे ऐकत होती. पुढच्या वेळी एक तृतीयांशच आली.

आता पहिल्या पंधरा मिनिटांत प्रत्येकाच्या हातात प्रसंग असतो. जोड्या पाडतो, एक मालक, एक मॅनेजर, मग उलट. उलट करणं महत्त्वाचं, कारण परीक्षकाच्या खुर्चीत बसून गुणपत्रिका भरली की घडी का घालायची (प्रश्न ५) ते न सांगता कळतं. चार 'पी' त्यानंतर येतात, गरज पडली तिथे. प्रतिक्रिया देताना एकच गोष्ट सांगायची, पुढच्या वेळी बदलायची ती. सात चुका एकदम सांगणाऱ्याला स्वतःला फार हुशार वाटतं, समोरचा घरी जातो.

१५. जुने पेपर आणि विकतच्या नोट्स स्कॅन करून ग्रुपवर टाकले तर चालतात का?

नाही. हेतू चांगला असला तरी ते दुसऱ्याच्या मालकीचं आहे. संघटनांनी स्वतः फुकट ठेवलेले नमुना प्रसंग आणि नमुना पेपर असतात, त्यांची लिंक द्या. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचं साहित्य (हे परवाने डिसेंबर २००२ पासून आहेत) अटी पाळून वाटता येतं. नऊ कप्प्यांचा बिझनेस मॉडेल कॅनव्हास (अख्खा धंदा एका पानावर मांडायचा तक्ता) असाच खुला आहे, श्रेय द्यायचं आणि बदललात तर त्याच परवान्याखाली ठेवायचं.

सगळ्यात बरं म्हणजे प्रसंग स्वतः लिहा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल फुकट मिळतात. अमेरिकी कंपन्यांचे 'एडगर' या सरकारी संकेतस्थळावर. त्यात 'जोखमी' असं प्रकरण असतं. तिथली एक जोखीम उचला, कंपनीचं नाव बदला, मालक घाबरलाय असं लिहा. अर्ध्या तासात प्रसंग तयार. ही कामं मुलांनाच द्या, लिहिताना ती जास्त शिकतात.

१६. एआयकडून सराव प्रश्न बनवून घेऊ का?

घ्या, पण प्रत्येक उत्तर माणसाने तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका. आमच्या एका संचात दोन पर्याय बरोबर असलेला प्रश्न होता आणि एकीने त्यावर अख्खी संध्याकाळ घालवली, आपलंच चुकतंय असं समजून. ज्याच्याकडे विचारायला कुणी नसतं त्याला चुकीची उत्तरपत्रिका जास्त महागात पडते. स्पर्धेच्या लेखी प्रकल्पात एआय किती चालतं हे मात्र त्या त्या नियमावलीत पाहा.

१७. गरजू कोण हे कसं ठरवता? उत्पन्नाचा पुरावा मागता का?

मागत नाही. फॉर्मवर एकच प्रश्न आहे : "तयारीत तुम्हाला काय कमी पडतंय?" उत्तरं बोलकी येतात. 'शांत जागा.' 'संध्याकाळी काम असतं.' 'कुणीच नाही विचारायला.' यातलं कशाचंही प्रमाणपत्र मिळत नाही. आणि गरिबी सिद्ध करायला लावली की खरी गरज असलेलीच मुलं आधी मागे फिरतात.

१८. मग भारी क्लास लावलेली मुलंही फायदा घेतात. ते चालतं?

येतात. फाइलला आमची हरकत नाही, ती संपत नाही. समोर बसून ऐकणाऱ्यांचे तास संपतात, म्हणून ते आधी त्यांना देतो ज्यांनी वरच्या प्रश्नाला 'विचारायला कुणी नाही' लिहिलंय. क्लासच्या मुलांना आम्ही परीक्षकाच्या खुर्चीत बसवतो. काही नाराज होऊन जातात. काही थांबतात, आणि आमचे दोन चांगले ऐकणारे त्यातूनच आलेत.

१९. ज्याला शिकवतोय तो माझ्याच इव्हेंटमध्ये उतरलाय. आता?

त्याला आत्ताच सांगा आणि जोडी बदला. मनात हिशेब ठेवून दिलेली प्रतिक्रिया नकळत पातळ होते. तुमच्याकडून शिकलेला तुमच्यापुढे गेला तर काय, असं विचारणारे बरेच असतात. जाऊ शकतो. आमच्यात गेलाय. त्या दिवशी बसमध्ये थोडी शांतता होती.

वेगळी बाब स्पर्धेच्या दिवसाची. सकाळी तुमचा रोल प्ले झाला आणि दुपारी मित्राचा तोच आहे, तर एक शब्दही सांगायचा नाही, 'बिचाऱ्याला मदत' म्हणूनही. ती मदत नाही, फसवणूक आहे, आणि सापडला तर बाद तो होतो.

२०. शिकणारी मुलं लहान आहेत. काय काळजी घ्यायची?

पालकांची परवानगी लेखी घ्या. एकास एक खाजगी कॉल नाही. तिसरं कुणीतरी असतंच, निदान एक शिक्षक किंवा मोठी व्यक्ती ग्रुपमध्ये असतेच. फोटो आणि 'यशोगाथा' विचारल्याशिवाय टाकू नका. 'आमच्या मदतीने घडलेला गरीब विद्यार्थी' अशी पोस्ट त्याच्या वर्गातले सगळे वाचतात.

२१. एक मुलगा नियमित यायचा, अचानक बंद झाला. पाठपुरावा करावा की सोडून द्यावं?

एकदा मेसेज करा, आणि त्यात 'का आला नाहीस' हा शब्दप्रयोगच नको. "शनिवारची जागा ठेवलीय, वेळ बदलायची तर सांग" एवढं लिहा. आमच्या अनुभवात कंटाळून सोडणारे कमी. बहुतेकांची कामाची वेळ बदललेली असते, फोन बिघडलेला असतो, घरी कुणी आजारी असतं, किंवा एकदा चुकलं म्हणून परत यायची लाज वाटते. हे शेवटचं कारण सगळ्यात जास्त आणि सगळ्यात सोपं. म्हणून आम्ही हजेरी घेणं बंद केलं आणि प्रत्येक सेशन आधीच्यावर अवलंबून नसेल असं बसवलं. पंधरा दिवसांनी आलेला मुलगा त्या दिवशीच्या प्रसंगात थेट उतरू शकतो.

दुसऱ्यांदा उत्तर आलं नाही तर सोडा. तिसरा मेसेज त्याच्यासाठी नसतो, आपल्या समाधानासाठी असतो.

२२. सीनियर पास होऊन गेले की असे ग्रुप बंद पडतात. तुमचं काय?

आमचंही एकदा पडलंच होतं. सगळे पासवर्ड आणि सगळे फोन नंबर एकीच्याच डोक्यात होते. आता एक वही आहे (खरंच वही, नंतर टाइप केलेली) : कुठला प्रसंग चालला, कुठला फसला, कुणाला कधी विचारायचं. प्रत्येक कामाला दोन माणसं, त्यातलं एक खालच्या वर्गातलं. आणि बायोडेटासाठी येणाऱ्यांना आम्ही पहिल्याच दिवशी पद देत नाही. दहा वेळा समोर बसून ऐका, मग बोलू.

२३. एक क्लास छपाईचा खर्च द्यायला तयार आहे. घ्यावा का?

बदल्यात काय हवंय ते विचारा. आमच्याकडे आलेल्याला मुलांचे नंबर हवे होते. नाही म्हणालो आणि त्या वर्षी छपाई झाली नाही. प्रसंग हाताने लिहून काढले. अट नसेल तर कागद, शाई, खोली अशा वस्तू घ्या. रोख पैसे घेतलेत तर हिशेब सगळ्यांना दिसेल असा ठेवा, आणि पैशांची जबाबदारी शाळेतल्या मोठ्या माणसाकडे द्या.

२४. स्पर्धा पुढच्या आठवड्यात आहे आणि मी काहीच केलेलं नाही. काय करू?

पुस्तक उघडू नका. पहिल्या दिवशी एक नमुना पेपर सोडवा आणि चुकलेल्यांची कार्डं करा, ती रोज वीस मिनिटं (प्रश्न ६). पुढचे पाच दिवस रोज एक रोल प्ले, घड्याळ लावून, कुणासमोर तरी. बिझनेस न कळणारी आजीही चालेल, तिला मुद्द्यांची यादी हातात द्या आणि आलेल्यावर खूण करायला सांगा. कुणीच नसेल तर आम्हाला व्हॉइस मेसेज पाठवा, विषयात 'सात दिवस' लिहा, तो रांगेत पुढे घेतो. शेवटच्या दिवशी नवं काही नाही : ओळखपत्र, दोन पेन, चालत असेल तर साधा कॅल्क्युलेटर, आणि केंद्रावर पोचायची वेळ पुन्हा एकदा बघून ठेवा.